मोंल्यूकचा तुरुंग आणि एक चमचा

तीर्थयात्रा म्हटली म्हणजे देवालय, नदीचा घाट आणि पूर्वजांच्या स्मृति एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु गेल्या शतकानें कांहीं निराळींच तीर्थें निर्माण करून ठेविलीं आहेत. तेथें मूर्ति नाहीं, घंटा नाहीं, प्रसादहि नाहीं. असतात त्या नुसत्या भिंती, आणि त्या भिंतींआड मनुष्यांनीं काय सोसलें याची आठवण. फ्रान्स देशांतील लियाँ शहरांतला मोंल्यूकचा जुना तुरुंग हें अशांपैकींच एक होय. चिरंजीवांकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं तो पाहिला. त्याची हकीकत सांगावी, आणि ज्या एका चित्रपटामुळें आम्हांस तेथें जाण्याची बुद्धि झाली त्याचीहि वाचकांस ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चित्रपट फ्रेंच भाषेंतला, १९५६ सालचा; दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ. ‘देहान्ताची शिक्षा झालेला एक बंदिवान निसटला’ असा त्याच्या नांवाचा अर्थ होतो. म्हणजे गोष्टीचा शेवट नांवांतच सांगून टाकला! ‘आतां पुढें काय होणार’ या उत्कंठेवर बाकीचे चित्रपट जगतात. येथें ती उत्कंठा दिग्दर्शकानें आपण होऊन दाराबाहेर ठेविली आहे. उरतो तो एकच प्रश्न, ‘हें झालें तरी कसें?’ सुज्ञ वाचकांस हें सांगावयास नको कीं, रामकथेचा शेवट ठाऊक असतांहि आपण कीर्तनाला बसतों ते याच दुसऱ्या प्रश्नासाठीं बसतों. चित्रपटाला आणखी एक जोडनांव आहे. त्याचा भावार्थ असा कीं, वारा आपल्या मनास येईल तिकडे वाहतो. हें वचन ख्रिस्ती धर्मग्रंथांतलें. एका नांवांत मनुष्याचा प्रयत्न, दुसऱ्यांत मनुष्याच्या हातीं नसलेलें कांहींतरी. या दोन नांवांच्या मध्यें सारा चित्रपट उभा आहे.

घरांतील सर्व मंडळींनीं तो एकत्र बसून पाहिला. आरंभीं आमच्या नातीनें कुरकुर केली, “आजोबा, यांत तर कांहींच होत नाहीं हो! नुसतं दार नि चमचा!” तिची आजी म्हणाली, “अग, जरा दम धर. ज्याला दार उघडायचं आहे, त्याला दारच दिसणार.” अर्ध्या घटकेनें पाहतों तों नात पुढें सरकून बसलेली, आणि बाहेरच्या दिंडीदरवाजाची कडी वाजली तेव्हां सर्वच दचकले. घरांत असें शांत राहणें आमच्याकडे क्वचितच घडतें.

पुढें आम्ही लियाँला गेलों. पॅरिसहून वेगवान आगगाडीनें हा प्रवास सुमारें दोन तासांचा. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमाशीं हें शहर वसलें आहे. सोनेच्या पलीकडे फुरव्हिएरची टेकडी, तिच्यावर रोमन काळांतील नाट्यगृहाचे अवशेष, आणि पायथ्याशीं जुनी वस्ती. रेशमाच्या विणकामाविषयीं शहराची ख्याति शतकानुशतकें आहे. जुन्या घरांच्या पोटांतून एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत निघणारे झांकलेले बोळ आहेत. परकीय अंमलाच्या दिवसांत पाठलाग चुकविण्यास ते उपयोगी पडले. लियाँहून हीच वाट दक्षिणेस मार्सेयच्या बंदराकडे जाते. त्या बंदरांत ८ जुलै १९१० रोजीं ‘मोरिया’ बोटीच्या लहानशा खिडकींतून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली होती. त्यामुळें फ्रान्सच्या भूमीवर पलायनाची गोष्ट ऐकतांना मराठी मनुष्याला ती सर्वस्वीं परकी वाटत नाहीं.

मोंल्यूकचा तुरुंग शहराच्या पूर्वभागीं, मोठ्या रेल्वे-स्थानकापासून चालत जातां येईल इतक्या अंतरावर आहे. सभोंवार साधीं राहतीं घरें, आणि मध्येंच उंच दगडी कोट. तो पाहतांना आम्हांस भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाची आठवण झाली. कोणतेंहि कर्म सिद्धीस जाण्याचीं पांच कारणें तेथें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म जेथें घडतें तें स्थान, कर्ता, करण, म्हणजे साधनें, नानाप्रकारच्या चेष्टा, म्हणजे खटपटी, आणि पांचवें दैव. शाळेंत हा श्लोक मुलांकडून अनेक वर्षें घोकून घेतला. परंतु त्या पांचांची सांगड एकाच इमारतींत इतकी स्पष्ट दिसेल असें वाटलें नव्हतें.

प्रथम अधिष्ठान. हा तुरुंग १९२१ सालीं लष्करी कैद्यांसाठीं बांधला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें फ्रान्सचा दक्षिण भागहि व्यापल्यावर १९४३ च्या आरंभीं तो जर्मनांनीं ताब्यांत घेतला, आणि गेस्टापोचे बंदिवान येथें आणून कोंबूं लागले. आंतल्या चौकाभोंवतीं मजल्या-मजल्यांवर सज्जे, आणि सज्ज्यांना लागून कोठड्यांची ओळ. एकेक कोठडी सुमारें चार चौरस मीटरांची. आपल्याकडील माजघराला लागून असलेलें देवघर जेवढें असतें तेवढीच. एकट्यासाठीं केलेल्या त्या जागेंत पुढें पुढें कितीतरी जण दाटीनें राहत. ज्यू बंदिवानांसाठीं अंगणांत निराळी लाकडी बराक होती. दाराशीं बसविलेल्या शिलालेखांत असें कोरलें आहे कीं, जर्मन अंमलांत येथें दहा हजार माणसांनीं यातना भोगल्या, आणि त्यांपैकीं सात हजार मृत्यु पावले. चित्रपटाचा आरंभहि याच शिलालेखाच्या दर्शनानें होतो. ब्रेसाँनें चित्रणाचा कांहीं भाग या तुरुंगांतच केला, आणि कोठडीची हुबेहूब प्रतिकृति चित्रशाळेंत उभारली.

दुसरें कारण कर्ता. ज्याची ही खरी हकीकत, तो आंद्रे दविन्यी हा फ्रेंच लष्करांतला अधिकारी. त्याचा जन्म १९१६ चा. देश जिंकला गेल्यावर तो गुप्त प्रतिकार-संघटनेंत शिरला. एप्रिल १९४३ मध्यें पकडला गेला. आणि २० ऑगस्ट १९४३ रोजीं त्याला देहान्ताची शिक्षा झाली. २४ आणि २५ ऑगस्टच्या मधल्या रात्रीं तो तुरुंगाबाहेर पडला, व पुढें स्वित्झर्लंडला पोहोंचला. त्यानें लिहिलेल्या वृत्तान्तावरून ब्रेसाँनें पटकथा रचली, आणि चित्रणाच्या वेळीं दविन्यी स्वतः सल्लागार होता. ब्रेसाँलाहि बंदिवासाचा अनुभव होता. १९४० सालीं तो युद्धकैदी होऊन जर्मनांच्या छावणींत एक वर्षाहून अधिक राहिला होता. हे दोघेहि १९९९ या एकाच वर्षीं वारले.

चित्रपटांत या बंदिवानाचें नांव फाँतेन असें आहे. ती भूमिका फ्रान्स्वा लतेरिए या तरुणानें केली. तो व्यवसायानें नट नव्हता. ब्रेसाँला मुद्दाम नट नको असत. डोळे फिरविणें, गळा काढणें, छाती पिटणें हे प्रकार त्याला वर्ज्य. या तरुणाचा चेहरा बहुतेक निश्चल असतो. जें काय बोलावयाचें तें त्याचे हात बोलतात. तो काय करीत आहे हें त्याच्याच संथ आवाजांत आपणांस सांगितलें जातें, जणुं एखादा विद्यार्थी प्रयोगवहींतील कृति वाचीत आहे.

तिसरें करण आणि चौथी चेष्टा, हीं दोन्हीं येथें वेगळीं करतां येत नाहींत. साधन म्हणून मिळालेला एक लोखंडी चमचा. तो फरशीवर घासून घासून त्याची पटाशी केली. कोठडीचें दार ओकच्या मजबूत फळ्यांचें. परंतु फळ्या एकमेकींस ज्या पट्ट्यांनीं सांधलेल्या होत्या त्यांचें लांकूड मऊ आहे, हें त्यानें नीट न्याहाळून ओळखलें. मग कित्येक आठवडे रोज थोडें थोडें खरवडणें. एक चमचा मोडला, दुसरा मिळविला. पडलेला भुसा केरसुणीच्या काडीनें गोळा करावयाचा. पहारेकऱ्याच्या किल्ल्या जिन्याच्या कठड्यावर वाजल्या कीं थांबावयाचें. फळी पुन्हा जागच्या जागीं बसवून उभें राहावयाचें. खाटेच्या जाळीची तार, अंथरुणा-पांघरुणाच्या चिंध्या व सदरे यांचे पीळ देऊन दोर वळला. दिव्याची चौकट वांकवून आंकडे केले. सुताराच्या हाताखालीं शिकणाऱ्या पोराला जें धैर्य लागतें तेंच येथें लागलें. फरक इतकाच कीं, येथें चुकीला मास्तरांची छडी नव्हती, बंदुकीची गोळी होती.

तुरुंगांतील एका कोठडीच्या दारापाशीं आम्ही बराच वेळ उभे राहिलों. फळ्यांचे सांधे बोटांनीं चांचपून पाहावे असें वाटलें. एडनच्या तुरुंगांत आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांनीं दार बिजागऱ्यांतून उखडून काढलें होतें, आणि बाहेर पडल्यावर ते पुन्हा पकडले गेले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों. तेथें बळ होतें, येथें चिकाटी आहे. पण दोन्हीं ठिकाणीं बंदिवानानें प्रथम जिंकलें तें दारच. ज्याला आपण ‘बंद’ म्हणतों तें दारहि कोणीतरी फळ्या जोडूनच केलेलें असतें, आणि जें जोडलें तें सुटूं शकतें, हा विचार ज्याच्या मनांत पक्का बसला तो अर्धा मोकळा झालाच.

या चित्रपटाचा संयम हा खास सांगण्याजोगा गुण आहे. बंदिवानाला मारहाण होते; आपणांस ती दिसत नाहीं, नंतरचा रक्तानें माखलेला सदरा तेवढा दिसतो. जर्मन पहारेकऱ्यांचे चेहरे फारसे दृष्टीस पडतच नाहींत. बाहेरचें सारें जग कानांनींच ऐकावयाचें: ट्रामची घंटा, आगगाडीची शीळ, अंगणांतील पावलें, आणि दूरवर गोळ्यांचा आवाज. शेवटच्या रात्रीं दोन कोटांमधल्या वाटेनें कांहींतरी करकरत फिरतें. तें काय असावें हें छपरावर पडून राहिलेल्या माणसाला कळत नाहीं, आणि आपणांसहि नाहीं. पुढें दिसतें कीं तो सायकलवरून गस्त घालणारा शिपाई. मोझार्टच्या एका प्रार्थना-संगीताचे सूर मोजक्याच प्रसंगीं ऐकूं येतात. बहुधा तेही बंदिवान घाण टाकावयाला रांगेनें जातात अशा वेळीं. हलकें काम आणि उदात्त सूर यांचा हा मेळ आम्हांस प्रथम विचित्र वाटला. नंतर वाटलें कीं, जेथें मनुष्याला मनुष्य म्हणून राहूं दिलें जात नाहीं, तेथें रोजचें काम नीट करणें हीच प्रार्थना होय. १९५७ सालीं कान येथील महोत्सवांत ब्रेसाँला उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें तें या कृतीबद्दलच.

आतां पांचवें कारण, दैव. दार सुटें झालें, दोर तयार, आंकडे तयार. मृत्युदंडहि सुनावला गेला. अशा ऐन वेळीं कोठडीचें दार उघडतें आणि पहारेकरी आंत एक सोळा वर्षांचा पोरगा आणून सोडतात. जोस्त त्याचें नांव. अंगावर अर्धा फ्रेंच आणि अर्धा जर्मन गणवेश. हा हेर असेल काय? त्याला सांगावें तर तो दगा देईल. न सांगतां निसटावें तर तो ओरडेल. फाँतेनपुढें दोनच मार्ग राहतात: त्याला बरोबर घेणें, नाहींतर त्याला ठार करणें. आणि निवड करावयास हातांत जेमतेम कांहीं तास.

येथें आम्हीं चित्रपट थोडा थांबविला. नात म्हणाली, “आजोबा, त्यानं त्या मुलाला मारलं असतं तर तो वाईट झाला असता का? त्याला तर फांशीच होती ना?” तिची आजी ताबडतोब म्हणाली, “मारलं असतं तर त्याचा जीव वांचला असता, पण मग वांचवायचं तरी काय उरलं असतं?” सूनबाईंचें मत निराळें पडलें. त्या म्हणाल्या, “आई, आपण घरांत बसून बोलतों आहोंत. त्याच्या चुकीवर त्याचा एकट्याचा जीव नाहीं. बाहेरच्या साथीदारांचीं नांवंहि त्याला ठाऊक आहेत.” दोघींचेंहि म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच तो प्रसंग खरा आहे. शास्त्रांत आपद्धर्म सांगितला आहे, पण तो कोणत्या घटकेला लागूं होतो हें शास्त्र सांगत नाहीं. तें ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें.

फाँतेन त्या मुलावर विश्वास टाकतो. दिग्दर्शकानें यावर प्रवचन झोडलेलें नाहीं. परंतु पुढें छपरावरून उतरतांना, एक उंच भिंत चढतांना, पाहणाराच्या ध्यानांत येतें कीं, फाँतेन एकटा असता तर तेथेंच अडला असता. दुसऱ्याच्या खांद्याचा आधार लागलाच. ज्याला तो संकट समजत होता तेंच साधन होतें. वाटेंत एका पहारेकऱ्याचा जीव मात्र घेतला जातो. तोहि प्रकार भिंतीच्या आड घडतो. आपणांस कोरी भिंत तेवढी दिसते. आमच्या घरीं त्या क्षणीं कोणी टाळी वाजविली नाहीं, आणि तसें व्हावें हीच दिग्दर्शकाची इच्छा असावी. शेवटीं दोघे अनवाणी, अंधारांत चालूं लागतात. जयघोष नाहीं, आलिंगन आहे तें क्षणभराचें.

सुटका एकाची, पण ती घडविली अनेकांनीं, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ओर्सिनी नांवाचा बंदिवान आधीं पळावयास जातो, पकडला जातो आणि मारला जातो. परंतु मरण्यापूर्वीं आंकडे कसे हवेत हें तो सांगून जातो. शेजारच्या कोठडींतला म्हातारा ब्लाँशे आरंभीं खिडकीशींहि येत नाहीं, बोलत नाहीं. जगण्याविषयींच उदास झालेला. तोच हळूहळू बोलूं लागतो, आणि शेवटीं दोरासाठीं आपलें पांघरूण देतो. आपण बाहेर जाणार नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक आहे. आमच्या वयाच्या माणसाला या गोष्टींतला नायक तोच वाटला, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

जे बाहेर पडले नाहींत त्यांच्या तसबिरी आज त्या कोठड्यांतून लावल्या आहेत. प्रतिकार-संघटनेचा अध्वर्यु जाँ मूलँ २१ जून १९४३ रोजीं पकडला गेला. तोहि येथेंच होता, आणि पुढील महिन्यांत यातनांनीं मरण पावला. थोर इतिहासकार मार्क ब्लॉक येथें होता. १६ जून १९४४ रोजीं त्याला गांवाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. इझ्यू गांवच्या आश्रमगृहांतून ६ एप्रिल १९४४ रोजीं ४४ ज्यू मुलें पकडून येथें आणलीं आणि पुढें मृत्युछावण्यांकडे धाडलीं. त्यांपैकीं एकहि वांचलें नाहीं. त्या मुलांच्या कोठडीपुढें शाळेंत जन्म घालविलेल्या माणसाची मान वर राहत नाहीं. तुरुंगाचीं दारें उघडलीं तीं २४ ऑगस्ट १९४४ रोजीं, म्हणजे दविन्यी ज्या रात्रीं निसटला तिला बरोबर एक वर्ष झालें त्या दिवशीं.

या अत्याचारांचा लियाँ येथील सूत्रधार क्लाउस बार्बी दक्षिण अमेरिकेंत लपून बसला होता. १९८३ सालीं त्याला धरून आणलें तेव्हां न्यायमंत्री रॉबेर बादँतेर यांनीं त्याला पहिले कांहीं दिवस मुद्दाम मोंल्यूकमध्येंच ठेवविलें. बादँतेर यांच्या वडिलांना बार्बीच्याच माणसांनीं लियाँमध्यें पकडलें होतें, आणि ते परत आले नाहींत. असें असूनहि त्या मंत्र्यानें सूड न घेतां न्यायालय दिलें. १९८७ सालीं बार्बीला जन्मठेप झाली. परंतु सत्य सांगावयाचें तर सर्वच सांगितलें पाहिजे. युद्ध संपल्यावर हाच तुरुंग फ्रेंच सरकारच्या हातीं आला, आणि १९५९ ते १९६१ या काळांत आपल्या देशाचें स्वातंत्र्य मागणाऱ्या अकरा अल्जेरियन लोकांचा याच कोटाच्या आंत शिरच्छेद झाला. ज्यांनीं पारतंत्र्य भोगलें त्यांच्याच हातून दुसऱ्यावर पारतंत्र्य लादलें जावें, हा मनुष्यस्वभावाचा जुना दोष आहे. २००९ पर्यंत येथें स्त्रियांचा तुरुंग होता, आणि २०१० पासून हें स्मारक सर्वांस खुलें झालें.

ज्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें हा चित्रपट सर्वांनीं मिळून अवश्य पाहावा. लहानांस त्यांत चमच्याची करामत दिसेल, तरुणांस धाडस दिसेल, आणि वडील मंडळींस ब्लाँशेचें पांघरूण दिसेल. प्रयत्न मोठा कीं दैव मोठें, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मोंल्यूकमध्यें त्याचें उत्तर आम्हांस इतकेंच मिळालें: प्रयत्न चमच्याएवढा असतो आणि तो रोज करावा लागतो; दैव मात्र बहुधा अनोळखी माणसाच्या रूपानें दाराशीं येतें, आणि त्याला जवळ करावयाचें कीं दूर लोटावयाचें, हें ठरविणें तेवढें आपल्या हातीं असतें.